घटस्फोट वाढले की दिसायला लागले?

"मुली शिकल्या, कमवायला लागल्या आणि संसार मोडायला लागले." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीत ऐकलंय, आणि परवा मेसमध्ये वरणाची वाट बघताना फायनल इयरच्या एका सिनिअरनेही ते ऐकवलं. वर पुस्ती जोडली, "आपल्या आजी-आजोबांच्या वेळी कुठे होते घटस्फोट?"

आता आपण पडलो इंजिनिअरिंगवाले. रीडिंग शून्य आलं म्हणून आपण लगेच जर्नलमध्ये "करंट नाही" असं लिहीत नाही. आधी मीटर नीट जोडलाय का ते बघतो. इथे तो जोडलेलाच नव्हता, असं माझं म्हणणं आहे.

आमच्या आजीच्या वाड्यात एक काकू राहायच्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने त्यांना माहेरी आणून सोडलं, आणि न्यायला तो कधी आलाच नाही. तिकडे त्याने दुसरा संसार थाटला. काकूंनी भावाच्या घरी पस्तीस वर्षं काढली. शेवया, पापड, वहिनीची बाळंतपणं, सगळं केलं. मंगळसूत्र शेवटपर्यंत गळ्यात होतं. कोर्टाची पायरी कोणीच चढलं नाही, त्यामुळे घटस्फोट झाला नाही. म्हणजे आमच्या सिनिअरच्या हिशेबात हे लग्न टिकलं! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, 'परित्यक्ता' हा शब्द मला बारावीनंतर कळला. आजीचा शब्द जास्त सरळ होता : टाकलेली.

अशा बायका थोड्याथोडक्या नव्हत्या. त्यांच्या प्रश्नावर १९८०च्या दशकात संगमनेरहून चळवळ उभी राहिली. निशा शिवूरकर यांचं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक याच विषयावर आहे. २०११च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदले गेलेले लोक साधारण साडेतेरा लाख. विवाहितांच्या तुलनेत हे प्रमाण पाव टक्काही भरत नाही. आणि घटस्फोट न घेता वेगळे राहणारे? त्यांच्या जवळजवळ तिप्पट! संस्कृती बुडाली म्हणून ज्या आकड्याकडे बोट दाखवतात तो लहान आहे, आणि ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही तो मोठा आहे.

बरं, त्या काळी बाईने ठरवलं असतं तरी ती बाहेर पडणार कशी? १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याचा छळ हे फक्त कायद्याने वेगळं राहण्याचं कारण होतं. छळाच्या कारणावरून थेट घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६च्या दुरुस्तीनंतर. परस्पर संमतीचा घटस्फोटही त्याच वर्षी आला. पोटगीचं तर विचारूच नका. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीची कमाल मर्यादा होती महिन्याला ५०० रुपये, आणि केंद्राच्या कायद्यातून ती निघाली २००१ मध्ये. माहेरी भावाची परवानगी, सासरी नवऱ्याची मर्जी आणि कोर्टात ५०० रुपये. ज्या खोलीला दारच नाही तिथून कोणी बाहेर आलं नाही, म्हणून ती खोली चांगली होती असं कसं म्हणणार?

तेव्हा मुली शिकल्याने घटस्फोट वाढले, यातलं निम्मं मला मान्य आहे. पगार हातात आला की निघून जाण्याचा विचार तरी करता येतो. पण शिक्षणाने भांडण निर्माण केलं नाही. भांडण होतंच, शिक्षणाने फक्त रिक्षाचं भाडं दिलं.

दुसरं निम्मं मात्र स्वयंपाकघरात आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. २०१९मध्ये केंद्र सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली, कोण दिवसातली किती मिनिटं कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी निघाली रोज २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. थांबा, हे ९७ सुद्धा सगळ्या पुरुषांचे नाहीत. जे पुरुष घरकामाला हात लावतात फक्त त्यांचे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस! आता हिंजवडीच्या कंपनीत दोघंही नऊ-नऊ तास काम करून, ट्रॅफिकमधून घरी येतात. एकाची शिफ्ट संपते, दुसरीची दुसरी शिफ्ट सुरू होते. पूर्वी हे काम सासू, जावा, नणंदा मिळून करायच्या (मिळून म्हणजे भांडून, पण व्हायचं). टू बीएचकेमध्ये तेवढ्या बायका मावत नाहीत. काम तेवढंच राहिलं, माणसं कमी झाली, आणि वाटणीचा जुना नियम तसाच. मग रात्री अकरा वाजता ओट्यावरच्या भांड्यांवरून जे भांडण होतं त्याला वकील नंतर 'स्वभाव जुळले नाहीत' असं नाव देतात.

घटस्फोट म्हणजे मजा असं कोणी समजू नये. माझ्या विंगमधली एक मैत्रीण सुट्ट्या दोन घरांत वाटून काढते. रिझर्वेशन करताना तिला आधी दोन फोन करावे लागतात. ते सोपं नाही, हे आम्ही जवळून बघतो.

आणखी एक गोष्ट. २०११च्या जनगणनेत आपली बॅच '० ते ६ वर्षं' या रकान्यात मोजली गेली. त्या रकान्यात महाराष्ट्रात १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला. लग्नाला मुली मिळत नाहीत ही तक्रार, आणि गर्भलिंग निदानाचा कायदा कडक राबवा ही मागणी. पेपरवाल्यांना फोटो मस्त मिळाले. पण मागणी अगदी बरोबर होती. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी नकार देते तेव्हा 'मुली माजल्या' म्हणणाऱ्यांनी हा ८०७चा आकडा एकदा बघावा.

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीचं नाव एका वधूवर सूचक मंडळात घातलं. फॉर्म भरायला मीच बसले होते. मुलींच्या फॉर्मवर 'स्वयंपाक येतो का', 'लग्नानंतर नोकरी करण्याची इच्छा आहे का' असे दोन रकाने होते. मुलांच्या फॉर्मवर त्या जागी होतं 'स्वतःचं घर' आणि 'वार्षिक पॅकेज'. ताईने दोन्हीकडे 'होय' लिहिलं आणि खाली मोकळ्या जागेत पेनने विचारलं, 'मुलाला येतो का?' मंडळाच्या काकांनी फॉर्म परत केला. म्हणाले, खाडाखोड चालत नाही, नवीन भरून आणा.