जुनी इंदूरची बावडी आणि पहिला तास

३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. इंदूरच्या पटेल नगरातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात मध्यान्हीच्या सुमारास हवन चालू होते आणि भाविक दाटीवाटीने बसले होते. ज्या फरशीवर ते बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. अनेक वर्षांपूर्वी तिच्यावर स्लॅब टाकून जागा वापरात आणली गेली होती. तो स्लॅब भार न पेलून खचला आणि बसलेली माणसे पाण्यात व गाळात कोसळली. या दुर्घटनेत ३६ जणांचे प्राण गेले. शेवटचा मृतदेह दुसऱ्या दिवशी हाती लागला.

हा परिसर जुनी इंदूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. होळकरांच्या राजधानीचा विस्तार होण्याआधीची, नदीकाठची मूळ वस्ती म्हणजे जुनी इंदूर. माळव्यातील मराठी घरांत आजही हे नाव असेच उच्चारले जाते. याच ठाण्यात मंदिराच्या विश्वस्त मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. बांधकामाबद्दल महापालिकेने आधी नोटीस बजावली होती, हेही उघड झाले. दंडाधिकारी चौकशीचे आदेश निघाले. ३ एप्रिल रोजी यंत्रे आली, बांधकाम पाडले गेले आणि बावडी बुजवण्यात आली. दोष कोणाचा, परवानगी कोणी दिली, कारवाई कोणी टाळली, या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले. ते आवश्यकच होते. मात्र या गदारोळात वैद्यकाशी संबंधित एक प्रश्न मागे पडला. बावडीत पडलेल्यांपैकी किती जण पहिल्या तासात वाचू शकले असते, आणि त्यासाठी त्या ठिकाणी नेमके काय हवे होते?

सुरुवातीला मदतीला धावले ते शेजारीपाजारी. दोर, शिड्या, जे हाती आले त्याच्या आधाराने त्यांनी काही जणांना वर काढले. रुग्णवाहिका आणि बचाव पथके उशिरा आली, असा आरोप नातेवाइकांनी आणि रहिवाशांनी त्याच दिवशी केला. राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलांची पथके आणि महूच्या छावणीतील लष्कराचे जवान पुढे रात्रभर राबले, त्यांच्या कष्टांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पाण्यात बुडालेल्या माणसाच्या मेंदूला प्राणवायूविना मिळणारा अवधी चार ते सहा मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात छावणीतून काय, जवळच्या रुग्णालयातूनही कोणी पोहोचत नाही. तेथे उपयोगी पडतो तो शेजारचा दुकानदार, मंदिराचा सेवेकरी, गस्तीवरचा पोलीस. त्याला एवढे ठाऊक असावे लागते की बुडालेल्याला वर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसायचे नसते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो आणि त्याच्या जोडीने छाती दाबायची असते. केवळ छाती दाबण्याची जी पद्धत हृदयविकाराच्या झटक्यासाठी शिकवली जाते, ती बुडालेल्याला पुरेशी ठरत नाही. हा फरक दोन तासांच्या प्रशिक्षणात शिकवता येतो.

अप्रशिक्षित धैर्याची किंमत काय असते, हे इंदूरपासून फार दूर नसलेल्या खंडवा जिल्ह्याने दोन वर्षांनी पाहिले. ३ एप्रिल २०२५ रोजी कोंडावत गावात गणगौरच्या विसर्जनासाठी जुनी विहीर साफ करायला एक जण उतरला आणि विषारी वायूने बेशुद्ध पडला. त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. आठ जण गेले. त्यांच्यात माया होती, साहस होते. नव्हती ती एवढीच माहिती की बंद विहिरीत श्वसनयंत्राशिवाय उतरणारा बचावकर्ता स्वतःच पुढचा बळी असतो.

आपत्कालीन वैद्यकाचे अलीकडचे संशोधन नेमके याच जागेवर बोट ठेवते. अपघातविभाग म्हणजे रुग्णालयाचे मागील दार, तेथे जो डॉक्टर असेल त्याने मलमपट्टी करून रुग्ण वॉर्डात पाठवायचा, ही जुनी समजूत. तिच्या जागी आता एक साखळी मानली जाते: घटनास्थळी पहिला हात, दूरध्वनीवरून मिळणारी सूचना, रुग्णवाहिकेतील उपचार, कॅज्युअल्टीतील तातडीनुसार वर्गवारी आणि मग शस्त्रक्रियागृह. यातील कोणतीही कडी निसटली तर शेवटच्या कडीवर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तातडीच्या उपचारांच्या व्यवस्थेवर स्वतंत्र ठराव केला, तोही याच विचाराने. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील निम्म्याहून अधिक मृत्यू अशा स्थितींमुळे होतात ज्यांत वेळेवर मिळालेला तातडीचा उपचार उपयोगी पडू शकतो, असा अंदाज त्यामागे होता.

भारतापुरते पाहायचे तर नीती आयोगाने दिल्लीच्या एम्सच्या साहाय्याने केलेली पाहणी बोलकी आहे. २०२१ च्या अखेरीस तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पाहिलेल्या रुग्णालयांपैकी ९१ टक्क्यांकडे स्वतःच्या रुग्णवाहिका होत्या. त्यांत सोबत जाणारे प्रशिक्षित निमवैद्यक कर्मचारी मात्र ३४ टक्क्यांकडेच होते. गाडी आहे, पण तिच्यात उपचार करणारा नाही, असा हा हिशेब. राजकीय नेते हिरवा झेंडा दाखवतात तो गाड्यांच्या ताफ्याला. प्रशिक्षणवर्गाला झेंडा दाखवल्याचे छायाचित्र सहसा छापून येत नाही.

मुंबईतील केईएम व सायन, दिल्लीतील एम्सचे ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम या सार्वजनिक रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात गंभीर जखमींची नोंदवही ठेवली गेली. दाखल झालेल्यांपैकी दर पाचांमागे एकाहून अधिक जण तीस दिवसांच्या आत दगावल्याचे तिच्यातून दिसले. हे देशातील नावाजलेले दवाखाने आहेत. तेथे ही स्थिती, तर तालुक्याच्या ठिकाणी काय असेल याची कल्पना करता येते. अर्थात नावाजलेल्या ठिकाणी सर्वांत बिकट रुग्ण पाठवले जातात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पण नोंदवही ठेवली गेली म्हणूनच हे बोलता तरी येते.

इंदूर हे याबाबतीत विलक्षण शहर आहे. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून ते सातत्याने अग्रस्थानी आहे. अवयवदानासाठी वाहतूक थांबवून रस्ता मोकळा करण्याची ‘ग्रीन कॉरिडॉर’ची पद्धत या शहराने डझनावारी वेळा यशस्वी केली आहे. एखादे यकृत किंवा मूत्रपिंड काही मिनिटांत विमानतळावर पोहोचते. चौकाचौकांत पोलीस उभे असतात, नागरिक अभिमानाने बाजूला होतात. म्हणजे ठरवले तर हे शहर मिनिटांचा हिशेब ठेवू शकते. मात्र राजवाडा, सराफा, जुनी इंदूर येथील बोळांत अडकलेल्या सामान्य रुग्णवाहिकेसाठी अशी शिस्त रोज उभी राहत नाही. आग्रा–मुंबई मार्गावरील बीआरटीएसची स्वतंत्र मार्गिका रुग्णवाहिकांना उपयोगी पडत असे. ती काढून टाकण्यास २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने संमती दिली. वाहतुकीच्या दृष्टीने त्या निर्णयाची कारणे असतील, पण रुग्णवाहिकांच्या सोयीचा मुद्दा त्या चर्चेत कडेलाच राहिला. राज्य सरकारने २०२४ मध्ये हवाई रुग्णवाहिका सुरू केली, आयुष्मान कार्डधारकांना ती विनामूल्य आहे. ही चांगली गोष्ट आहे. तरीही बावडीच्या काठावर तिचा उपयोग शून्य होता असता.

समन्यायाचा प्रश्न येथेच उभा राहतो, आणि त्याबद्दल भारतातूनच एक मोलाचा पुरावा आहे. बंगळुरूच्या संशोधकांच्या पुढाकाराने ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आलेल्या २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ‘क्रिएट’ नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरिबांत ८.२ टक्के, तर श्रीमंतांत ५.५ टक्के होते. यावर कोणी म्हणेल, गरिबांची प्रकृतीच खंगलेली असते. अभ्यासकांनी मग मिळालेल्या उपचारांतील फरक गणितातून वजा केला, तेव्हा ती तफावत नाहीशी झाली. याचा अर्थ असा की गरीब रुग्ण आजाराने अधिक मरत नव्हता, उपचार कमी मिळाल्याने मरत होता. उशीर मात्र सगळ्यांचाच होता; त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक काळ सहा तासांच्या घरात होता.

कायद्याने दार केव्हाच उघडले आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसी सोपस्कारांआधी उपचार, हे सांगितले. १९९६ मध्ये पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या प्रकरणात तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. मदत करणाऱ्या वाटसरूला चौकशीच्या फेऱ्यांतून संरक्षण देणारा निकाल ३० मार्च २०१६ चा, म्हणजे इंदूरच्या दुर्घटनेच्या बरोबर सात वर्षे आधीचा. आणि ज्या दिवशी बावडी खचली त्या दिवशी शेजारच्या राजस्थानात आरोग्य हक्क कायद्याविरुद्ध खासगी डॉक्टरांचे आंदोलन पेटलेले होते. वादाचे मूळ तातडीचा उपचार आगाऊ पैशांविना देण्याच्या कलमात होते. डॉक्टरांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते: बिलाची भरपाई कोण व किती दिवसांत करणार, हे सरकारने आधी स्पष्ट करायला हवे होते. रस्ते अपघातांपुरते ते उत्तर २०२५ मध्ये मिळाले. मे महिन्यात अधिसूचित झालेल्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार आहेत. बावडीत पडणारा किंवा छातीत कळ येणारा या योजनेत बसत नाही.

प्रशिक्षणाची कहाणी आणखी विसंगत आहे. आपत्कालीन वैद्यकाला भारतात स्वतंत्र विशेषशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याचा विभाग सक्तीचा करण्याचे ठरले, आणि २०२३ च्या नव्या निकषांच्या मसुद्यात आवश्यक विभागांच्या यादीतून तो वगळलाही गेला. एमबीबीएसनंतरच्या बारा महिन्यांच्या आंतरवासितेत कॅज्युअल्टीच्या वाट्याला दोन आठवडे येतात. एवढ्या शिदोरीवर नवा डॉक्टर रात्रपाळीला उभा राहतो आणि त्याच्यासमोर एकाच वेळी अपघातातला जखमी, दम्याचा रुग्ण आणि सर्दीची गोळी मागणारा येतो. आधी कोणाकडे जायचे, हे ठरवणे हेच या शाखेचे मूळ कौशल्य. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावायला सुरुवात केली, तेथपासून ते चालत आले आहे.

हुद्दा न पाहता, हे शब्द गोव्याला नवे नाहीत. ७ जून २०२५ रोजी बांबोळीच्या गोमेकॉत आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी कॅमेऱ्यासमोर एका वैद्यकीय अधिकाऱ्याला खडसावले आणि निलंबनाचा आदेश दिला. सुट्टीच्या दिवशी जीवनसत्त्वाचे इंजेक्शन घ्यायला आलेल्या वृद्ध महिलेला कॅज्युअल्टीतून आरोग्य केंद्रात जाण्यास सांगण्यात आले होते. डॉक्टर रस्त्यावर आले, मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले, मंत्र्यांनी माफी मागितली. त्या आठवड्यात चर्चा झाली ती मानापमानाची. वृद्धेशी सौजन्याने बोलणे हा तिचा हक्क होता, याबद्दल दुमत नसावे. परंतु सुट्टीच्या दिवशी साध्या इंजेक्शनसाठी गावात सोय का नव्हती आणि कॅज्युअल्टीच्या दाराशी वर्गवारी करणारी प्रशिक्षित परिचारिका असावी की नाही, हे प्रश्न तसेच राहिले.

त्याआधी महिनाभर, ३ मेच्या पहाटे, शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन किमान सहा जणांचा बळी गेला. डिसेंबरात हडफड्याच्या नाइट क्लबमधील आगीत २५ जण मृत्युमुखी पडले, त्यांत २० कर्मचारी होते आणि पर्यटक पाच. अरुंद वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब आतपर्यंत जाऊ शकले नाहीत. परराज्यांतून आणि परदेशातून पोट भरायला आलेले हे कामगार होते. बाहेर पडण्याचा मार्ग, प्राथमिक उपचार, आगीच्या धुरात काय करावे, यांचे शिक्षण मालकाने त्यांना द्यायचे असते. जुनी इंदूर, शिरगाव आणि हडफडे या तिन्ही ठिकाणी दाटी होती, वाट अपुरी होती, आणि पहिल्या मिनिटांत जे जवळ होते त्यांच्यावरच सारे अवलंबून होते.

गोव्याजवळ या बाबतीत दाखवण्यासारखेही आहे. २००८ पासून १०८ सेवा चालू आहे, अरुंद रस्त्यांसाठी मोटारसायकल रुग्णवाहिका आहेत. २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या स्टेमी प्रकल्पात परिघावरच्या सरकारी केंद्रात काढलेला हृदयाचा आलेख बांबोळीतील तज्ज्ञ लगेच वाचतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तेथल्या तेथे विनामूल्य दिले जाते. काणकोणच्या शेतकऱ्याला आणि पणजीच्या व्यापाऱ्याला एकच औषध, वेळेत. ‘क्रिएट’ने दाखवलेली तफावत मिटवण्याचा याहून सरळ उपाय नाही. छोट्या राज्याचा हा फायदा आहे: अंतरे कमी, एकच मोठे महाविद्यालय, नोंदी एकत्र करणे सोपे.

हीच पद्धत जत्रा, फेस्त आणि रात्रजीवनाच्या ठिकाणी नेता येईल. हजारोंच्या गर्दीला परवानगी देताना जिल्हा प्रशासन मंडप, वीज आणि ध्वनिवर्धक यांची कागदपत्रे मागते. त्यांत आणखी तीन गोष्टींची भर घालता येईल: प्राथमिक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेल्या सेवेकऱ्यांची नावे, रुग्णवाहिका शिरण्याची मोकळी वाट, आणि ज्या जागेवर माणसे उभी राहणार तिच्याखाली काय आहे याचा अभियंत्याचा दाखला. घटना घडल्यास पहिला दूरध्वनी केव्हा आला, पहिली गाडी केव्हा पोहोचली, पहिला उपचार कोणी केला, याची नोंद महिन्याभरात जाहीर करण्याचे बंधनही घालता येईल. शिरगावची पुढची जत्रा ठरलेल्या तिथीलाच येणार आहे. धोंडांचे व्रत सुरू होण्याआधी ही यादी देवस्थान समितीच्या आणि डिचोलीच्या मामलेदारांच्या मेजावर असायला हरकत नाही.