विश्लेषण : वीज कुठे पडली, हे कसे कळते?
वीज कडाडताना अतिशय कमी वारंवारतेच्या, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरीही सुटतात. जमीन आणि आयनांबर यांच्या मधून त्या हजारो किलोमीटर जातात. काटकोनात उभ्या केलेल्या दोन वेटोळ्यांच्या अँटेनांवरून लहरीची दिशारेषा मिळते. दोन-तीन केंद्रांच्या रेषा छेदतात तिथे वीज. शिवाय लहर प्रत्येक केंद्रावर कधी पोहोचली, यातला सूक्ष्म फरकही मोजता येतो.

पुण्याच्या ‘आयआयटीएम’चे ‘दामिनी’ अॅप विजेच्या लहरी टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावरच चालते. ते उत्तम आहे, पण पेरणीच्या घाईत शेतकऱ्याचा मोबाइल बांधावरच्या पिशवीत असतो. रेंज असली तर! ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पाणीपट्टीची आठवण होते, मग विजेचा इशारा का नाही?