पानिपत, व्हाया मुरैना

आमच्या ऑफिसात दर तिमाहीला कुणाचं ना कुणाचं पानिपत होतं. कधी सेल्सवाल्यांचं, कधी टेस्टिंगवाल्यांचं. गेल्या ऑक्टोबरात ते आमच्या टीमचं झालं. सहा महिने घासलेला प्रोजेक्ट क्लायंटने चार ओळींच्या मेलमध्ये गुंडाळला आणि कॅन्टीनमध्ये चहा ढवळत मी सवयीने म्हणालो, "पानिपत झालं यार!"

समोर दिल्लीहून बदली होऊन आलेली कलीग बसली होती. तिने गोंधळून विचारलं, "पानिपत? वहाँ तो मेरी मौसी रहती है. कंबल बहुत सस्ते मिलते हैं."

हसून हसून माझा चहा सांडला. पण घरी जाताना सिग्नलला थांबलो तेव्हा जाणवलं की शाळेपासून हा शब्द आपण तोंडाला येईल तसा वापरतोय. मॅच हरलो, पानिपत. पेपर अवघड गेला, पानिपत. पण ते एक खरंखुरं गाव आहे, तिथे एसटी स्टँडसारखं काहीतरी असेल, तिथे लोकांच्या मावश्या राहतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुण्यापासून साधारण पंधराशे किलोमीटर. माझ्याकडे दहा दिवसांची रजा शिल्लक होती आणि आठ वर्षं जुनी, दीडशे सीसीची पल्सर होती. म्हटलं, जाऊन बघू.

बाइकवाल्या मंडळींना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. माणूस रजा टाकतो ती लडाखसाठी, स्पितीसाठी. सपाट प्रदेशात बाइक घेऊन कोण जातं? "बघायला काय आहे तिथे? गहू?" एकाने विचारलं. फक्त माझा कॉलेजचा मित्र तयार झाला. (नाव लिहीत नाही. बिचाऱ्याला आमच्या घरी अजून यायचंय.) तोही निघायच्या दोन दिवस आधी गळाला. त्याचं रिलीज पुढे सरकलं आणि टीम लीडने रजा परत घेतली.

इथे मी एक गोष्ट केली जी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी केली असेल. घरी सांगितलंच नाही. मित्र येतोय म्हणून आईने होकार दिला होता. तो येत नाही म्हटल्यावर होकार गेला असता. निघायच्या रात्री आईने तिळाच्या वड्यांचे दोन डबे बॅगेत ठेवले. "तिकडे थंडी असते, तीळ खाल्लेले बरे. हा तुझा, हा त्याचा. तो लाजतो मागायला." दुसरा डबा मी मुकाट्याने पॅनिअरच्या तळाशी सरकवला.

पहिला दिवस पुणे ते धुळे. अहिल्यानगर, येवला, मनमाड, मालेगाव. आपलाच मुलूख, आपलीच मिसळ. दुसऱ्या दिवशी सेंधव्याचा घाट, खलघाटला नर्मदेचा रुंद पूल आणि मग मानपूरचा चढ. इथवर मी मजेत होतो. आपण सह्याद्रीतली माणसं, आपल्याला वळणावळणाचा रस्ता कळतो. गिअर टाका, गाडी झुकवा, पुढच्या वळणावर काय असेल या उत्सुकतेत दोन तास कसे जातात कळत नाही.

माळव्याच्या पठारावर चढलो आणि वळणं संपली.

इंदूर, देवास, शाजापूर. दोन्हीकडे गहू नि हरभरा, मध्ये चौपदरी रस्ता, वर आभाळ. पुढचा ट्रक दहा मिनिटं दिसत राहतो, मग कधीतरी तुम्ही त्याला ओलांडता, मग पुढचा ट्रक दिसायला लागतो. वेग सत्तरचा, पण पुढे सरकतोय असं वाटतच नाही. हाताला करायला काही नसलं की डोकं कामाला लागतं. क्लायंटचा तो मेल मी शाजापूरपर्यंत किमान चाळीस वेळा पाठ म्हटला. अप्रेझलमध्ये काय बोलायचं, काय बोलायला हवं होतं, सगळी भाषणं हेल्मेटच्या आत देऊन झाली. तिसऱ्या दिवशी गुण्याच्या अलीकडे जेवणानंतर तर चक्क डोळा लागला. एखादाच सेकंद असेल, पण चाक कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं होतं. थांबलो, तोंडावर पाणी मारलं, झाडाखाली वीस मिनिटं आडवा झालो. घाट तुम्हाला जागं ठेवतो. सपाटीवर जागं राहण्याचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

रोज रात्री आठला आईचा फोन.

"पोचलात का?"

"पोचलो."

"तो जेवला का?"

"जेवला."

"काय करतोय?"

"झोपलाय."

तिसऱ्या रात्री ग्वाल्हेरच्या लॉजवर हे संवाद म्हणताना मलाच कसंतरी झालं. माझ्या खोटेपणातला हा मित्र फार गुणी होता. लवकर झोपायचा, पोटभर जेवायचा आणि फोनवर कधी येत नसे.

चौथ्या दिवशी पहाटे सहाला निघालो. लाँग राइडचा आपल्याकडचा पहिला नियम, पहाटे निघायचं. रस्ता मोकळा, हवा थंड. तो नियम इथल्या जानेवारीला लागू नाही, हे ग्वाल्हेर सोडून अर्ध्या तासात समजलं. धुकं आपण लोणावळ्यात बघतो, कौतुकाने फोटो काढतो. हे धुकं तसं नव्हतं. पुढच्या चाकापलीकडे जगच नव्हतं. हेल्मेटची काच आतून बाहेरून ओली, ग्लोव्हने पुसली की अजून खराब. हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहायची. एका ट्रकचे लाल दिवे धरून त्याच्या मागे चाललो. मुरैनाच्या पुढे तो ट्रक एका ढाब्यात वळला आणि मी एकटा उरलो.

ट्रॉली मला दिसली तेव्हा ती आलीच होती. चाऱ्याने खच्चून भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक सरकलं, गाडी डावीकडे कच्च्या पट्टीवर घसरत गेली आणि थांबली. चाक आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नाही. टकटक करत तो धुक्यात विरघळून गेला.

पाय इतके लटपटत होते की स्टँड लावता येईना. पन्नास-साठ पावलांवर एक पिवळा बल्ब अंधुक दिसत होता. गाडी ढकलत तिथवर गेलो. चहाची टपरी. शेगडीपाशी घोंगडी पांघरलेले एक बाबा बसले होते.

"अकेले हो?"

हा प्रश्न धुळ्यापासून प्रत्येक टपरीवर विचारला गेला होता. अनोळखी ठिकाणी एकटा आहे म्हणायचं नाही, हेही मी कुठेतरी वाचलेलं. सवयीने म्हणालो, "नहीं, दोस्त पीछे आ रहा है."

बाबांनी दोन ग्लास मांडले. मग त्यांचा हात थांबला. "पीछे? इस कोहरे में? फोन करो उसको, बोलो जहाँ है वहीं रुक जाए." मी मोबाइल काढून नुसता हातात धरला. तेवढ्यात ते उठले, बॅटरी घेतली आणि सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. सत्तरीचे गृहस्थ, पायात स्लिपर, त्या थंडीत, धुक्यात बॅटरी हलवत. नसलेल्या माणसासाठी.

मी धावत गेलो. "बाबा, कोई नहीं है. मैं अकेला हूँ. झूठ बोला."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी बॅटरी बंद केली. "अच्छा है," म्हणाले, "एक ही की चिंता रही." मग चहा हातात देत पुढे म्हणाले, "धूप निकलने दो. यहाँ दस बजे से पहले सुबह नहीं होती."

त्या बाकावर बसून मी आईला फोन लावला. सकाळचे सव्वासात. या वेळेला माझा फोन म्हणजे तिच्या काळजात धस्स होणार हे माहीत होतं, म्हणून आधी "मी ठीक आहे" म्हणालो. मग सगळं सांगितलं. मित्र आलाच नाही. मी पहिल्या दिवसापासून एकटाच आहे. आत्ता थोडक्यात वाचलो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "माहितीये मला. परवाच भेटला तो. कोपऱ्यावर मेथी घेत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू गाडीवर होतास. भांडण डोक्यात घेऊन गाडी चालवली असतीस." थोडं थांबून, "त्यालाही दम दिलाय, मला कळलंय हे तुला सांगायचं नाही म्हणून. आता कधी निघणार?"

"ऊन पडल्यावर."

"मग ठीक आहे."

म्हणजे गेल्या दोन रात्री 'तो जेवला का' हे मित्रासाठी नव्हतंच. तू जेवलास का, धड आहेस का, खरं कधी सांगणार आहेस, हे सगळं ती त्या तीन शब्दांत विचारत होती. आणि मी ऐटीत सांगत होतो, झोपलाय.

दुसरा डबा मी बाबांना दिला. त्यांनी वडी तोंडात टाकली, मान डोलावली आणि फळीवरून गजकचा पुडा काढून माझ्या हातात कोंबला. मुरैनाची गजक प्रसिद्ध, तीही तिळाचीच. पैसे घेईनात. तिळाला तीळ, हिशेब मिटला.

साडेदहाला धुकं उठलं आणि सकाळभर मी कशातून चाललो होतो ते पहिल्यांदा दिसलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरी, नजर जाईल तिथवर पिवळी. मग चंबळ, तिच्या दोन्ही तीरांवरची मातीची बेहडं, मग धौलपूर. ग्वाल्हेरपासून माझी वाट आणि सदाशिवरावभाऊंच्या फौजेची वाट साधारण एकच. ते मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले आणि ऑगस्टमध्ये दिल्लीत पोचले. त्यांच्यासोबत लढणाऱ्यांखेरीज यात्रेकरू, बायका, व्यापारी असा प्रचंड गोतावळा. त्यांच्याबरोबर गरजेपेक्षा जास्त माणसं होती, माझ्याबरोबर एकही नव्हतं. पण खाणंपिणं, थंडी आणि मागे कुणीतरी वाट बघतंय ही जाणीव, हे ओझं तेच असणार.

तुम्ही या बाजूला हिवाळ्यात जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. दहाच्या आधी निघू नका आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर पुष्कळ झाले. दर तासा-दीड तासाला थांबा, थकवा नसला तरी. जॅकेटला आणि बॅगेला मागून रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवा. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल द्या, क्लचची एक जादा केबल ठेवा. काही एक्स्प्रेसवे सोडले तर राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या चिंचोळ्या गल्लीतून थेट निघायचं. आणि घरी खरं सांगा.

मथुरा, पलवल, दिल्ली आणि त्यापुढे मुघलांच्या काळातले कोस मिनार मधूनच दिसतात. विटांचे जाडजूड खांब, दर कोसावर एक, म्हणजे साधारण तीन किलोमीटरवर. सपाटीवर माणूस हरवतो हे त्यांनाही ठाऊक असणार.

पाचव्या दिवशी दुपारी पानिपत. गजबजलेलं, धूळभरलं, कारखान्यांचं शहर. जुन्या लोकरी कपड्यांपासून सूत काढून ब्लँकेटं विणण्याचा इथला धंदा मोठा. एका दुकानदाराला काला आम कुठे म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "वहाँ क्या है? कंबल दिखाऊँ?" कलीगची मावशी खोटं बोलत नव्हती.

काला आम शहराबाहेर आहे. आंब्याचं ते झाड केव्हाच गेलं. आता कुंपण घातलेली बाग आणि विटांचा एक साधा स्तंभ. १४ जानेवारीला इथे कार्यक्रम होतो, महाराष्ट्रातूनही लोक येतात. मी आधीच्या आठवड्यात गेलो होतो, त्यामुळे मी, माळी आणि दोन कुत्री. मी चहूकडे पाहिलं. सगळीकडे सपाट. चढायला टेकडी नाही, लपायला खिंड नाही, पाठ टेकवायला कडा नाही. यमुना ओलांडून अब्दाली दिल्लीच्या वाटेवर आडवा आला, रसद तुटली आणि घाटातली माणसं या उघड्या रानात दोन-अडीच महिने अडकून पडली. उपाशी, थंडीने काकडत. आमचा प्रोजेक्ट बंद झाला त्याला मी पानिपत म्हणालो होतो. तिथे उभं राहून मला स्वतःची लाज वाटली. हा शब्द मी आता वापरत नाही.

ती बातमी कळली तीही आडवळणाने. नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलं ते एका सावकाराचं सांकेतिक पत्र. मोती, मोहरा, खुर्दा असं काहीबाही. सरळ सांगण्याचं धाडस कुणाला होणार?

खिशातला फोन वाजला.

"पोचलास का?" आई या वेळी एकवचनात.

"पोचलो. एकटाच आहे. जेवलो नाही अजून."

"जेव मग."

परतीचे पाच दिवस दहानंतर निघालो, रोज खरं बोललो आणि संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलो. आईसाठी आणलेलं ब्लँकेट तिने उलगडलं, हात फिरवला, गालाला लावून बघितलं.

"छान ऊबदार आहे," ती म्हणाली. "त्याच्यासाठी नाही आणलंस?"