समुद्र, सुट्टी आणि बाईच्या हातातला पैसा

वर्ध्याहून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही. रेल्वेने मुंबई गाठायची तर सुमारे साडेसातशे किलोमीटर. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या घरांमध्ये मालदीवचं नाव ऐकू येऊ लागलंय. नोकरीला लागलेली मुलं मोबाइलवर निळं पाणी दाखवतात, तोंडात नळी धरून माशांमध्ये तरंगणारी माणसं दाखवतात आणि आईबापांना म्हणतात, चला. मग घरातलं कुणीतरी वडीलधारं विचारतं, "आधी हज झाला का?"

या प्रश्नाचा मी आदर करते. ऐपत असलेल्यावर हज फर्ज आहे, सहल फर्ज नाही. पण म्हणून ती गुन्हा ठरत नाही. जमिनीवर फिरा आणि बघा, हे कुरआनात एकापेक्षा जास्त ठिकाणी सांगितलंय. आपल्याकडे वलिम्यात पातेलं पातेलं बिर्याणी वाया जाते त्याला आपण इज्जत म्हणतो, आणि चार माणसांचं कुटुंब पाच दिवस एकत्र राहायला गेलं की लगेच इसराफ! हे मला पटत नाही. कर्ज काढून जाणं मात्र खरोखरच इसराफ. 'आत्ता फिरा, नंतर भरा' अशा जाहिराती येतात. त्यातल्या व्याजाचा प्रश्न तर आहेच, पण सुट्टी पाच दिवसांची आणि हप्ता बारा महिन्यांचा, हे गणित सातवीतलं पोरही चूक म्हणेल. पैसे साठले तर जा, नाही साठले तर पुढच्या वर्षी जा. बेटं कुठे पळून जात नाहीत.

मालदीव आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. आपण 'फुटकी कवडी' म्हणतो, 'कवडीमोल' म्हणतो, ती कवडी मोठ्या प्रमाणात तिथल्याच समुद्रातून आपल्या देशात यायची. इब्न बतूता १३४३ मध्ये तिथे पोहोचला आणि काझी झाला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे कवड्याच चलन होत्या. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी भाव पडला तर बारा लाखांपर्यंत. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या घेऊन जात. म्हणजे परदेशात गेलं की आधी भाव विचारायचा, हे सातशे वर्षांपासून चालत आलंय. आजच्या तिथल्या चलनाचं नाव रुफिया, आपल्या रुपयाचंच भावंड.

परदेशात पैसा कसा सांभाळायचा हे शिकायला आपल्याला इंटरनेटवर जायची गरज नाही. आपल्या घरोघरी हाजी आहेत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी खास दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' अशी अक्षरं असलेल्या. आखातातून सोन्याची तस्करी होत होती, तिला लगाम घालायचा म्हणून बाहेर वापरायचा रुपया वेगळा केला गेला. पुढे ते सगळं बंद पडलं. आपल्या पिढीला आठवतात ते रियाल. हज कमिटी प्रत्येक हाजीला निघताना २१०० रियाल रोख द्यायची, आधीच भरून घेतलेल्या पैशांतून. २०२३ पासून ती सक्ती गेली, आता ज्याने त्याने आपली सोय पाहायची. त्या रियालसाठी कमरेला खिशांचा पट्टा असायचा, आणि पट्ट्याबाहेर दोनचार नोटा वेगळ्या, रोजच्या खर्चाच्या. सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायचे नाहीत, हा नियम आमच्या मोहल्ल्यातल्या निरक्षर दादींनाही ठाऊक होता.

आता जरा हिशेब मांडू. मालदीवमध्ये महागड्या रिसॉर्टशिवाय गावातली छोटी गेस्टहाऊसही आहेत, आणि आपल्यासारख्यांनी तिथेच बघावं. १ जानेवारी २०२५ पासून पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाऊसमध्ये माणशी दिवसाला ६ डॉलर हरित कर लागतो, रिसॉर्टमध्ये १२. चार माणसं, पाच दिवस, म्हणजे १२० डॉलर. दहा हजार रुपयांच्या वरच, आणि हे जाहिरातीत बहुधा नसतं. शिवाय पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के, आणि वर बहुतेक ठिकाणी सेवा शुल्क. भावापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली की हे सगळं अजून मिळवायचं बाकी आहे असं समजा. इथल्या टूरवाल्याकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस नावाची रक्कम कापली जाते. ती बुडत नाही, आयकर विवरणात परत मागता येते, पण मागावी लागते. आमच्यातले कितीतरी लोक मागतच नाहीत.

डॉलर बँकेतून किंवा अधिकृत मनी चेंजरकडूनच घ्या आणि पावती जपा. नोटा कोऱ्या मागा. आपल्याकडे नोटेवर पेनाने हिशेब करायची सवय असते, तसली नोट बाहेर कुणी हातात धरत नाही. आपले रुपये नेता येतात ते पंचवीस हजारांपर्यंतच, आणि तिथल्या किराणा दुकानात त्यांचा उपयोगही नाही. २०२० पासून नवीन डेबिट-क्रेडिट कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून ते सुरू करून घ्यावं लागतं. हे नागपूरच्या विमानतळावर नाही, घरी बसून करा. आणि दुकानदाराच्या मशीनने विचारलं की रुपयांत घेऊ की इथल्या चलनात, तर इथल्या चलनात म्हणा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात त्यांनी आपला भाव लावलेला असतो.

हे सगळं नवरे मंडळी वाचतील, मोबाइलमध्ये जपूनही ठेवतील. माझं खरं म्हणणं पुढे आहे. आमच्या नात्यातल्या एक खाला उमराहला गेल्या होत्या. हरमच्या गर्दीत मियाँ दिसेनासे झाले. पैसे त्यांच्या पट्ट्यात, फोन त्यांच्या खिशात, हॉटेलचं कार्डही त्यांच्याचकडे. खालांजवळ तसबीह होती. तीन तासांनी भेट झाली, अल्लाहचा करम. घरी हा किस्सा हसत सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बाई शिकलेली, चाळीस वर्षं घरखर्च चालवलेली, आणि परक्या देशात तिच्या हातात एक रियाल नाही. प्रवासाला निघालेल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे, बाईकडेसुद्धा, स्वतःच्या नावाचं कार्ड, त्याचा पिन, थोडे डॉलर आणि मुक्कामाचा पत्ता असलाच पाहिजे. "मी आहे ना सोबत" हे उत्तर नव्हे.

पाण्याचंही तेच. पवनारला धाम नदीवर जाऊन बघा. मुलगे उड्या मारतात आणि मुली काठावर त्यांच्या चपला सांभाळतात. हीच मुलगी उद्या मालदीवच्या नावेतून पाण्यात उतरणार आणि आपण लाइफ जॅकेटच्या भरवशावर राहणार. जॅकेट तरंगतं ठेवतं. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर घाबरायचं नाही, नळीतलं पाणी जोरात फुंकून बाहेर काढायचं, हे जॅकेट शिकवत नाही. पोहणं मुलांना शिकवा, ही शिकवण हजरत उमर यांच्या नावाने सांगितली जाते. त्यात फक्त मुलगेच असा अर्थ आपण आपल्या सोयीने काढला. कपड्यांची अडचणही आता उरलेली नाही. बुर्किनी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका मुस्लिम बाईनेच तयार केली. मालदीवच्या वस्तीच्या बेटांवर तर अंगभर कपड्यांचाच रिवाज आहे. तिथे बिकिनीवाल्यांना वेगळा किनारा शोधावा लागतो, आपल्याला नाही.

माझं विचाराल तर पहिला समुद्र मालवणचा असावा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग होतं, तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, खर्च रुपयांत आणि भांडण मराठीत. पावसाळ्यात बंद असतं. थंडीत जा, तेव्हा पाणी निवळ असतं. प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड नाही, जीव आहे, आणि त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणं कायद्यानेही गुन्हा आहे.

एक बारीक गोष्ट राहिली. मिशी दाट असेल तर मास्क नीट चिकटत नाही, पाणी आत येतं. त्यावर व्हॅसलीनचा पातळ थर चालतो. दाढी राखून मिशी बारीक ठेवणाऱ्या आमच्या मौलानांना हा त्रास कमी. त्यांनी बेलाशक उतरावं, बेगमसाहेबांना सोबत घेऊन.