एका मृत मुलीचें उत्तरचरित

कथा अर्धवट तुटली म्हणजे श्रोत्याच्या जिवाला चुटपुट लागते, आणि ती पुढें सांगणारा कोणी भेटला कीं 'मग काय झालें?' हा एकच प्रश्न तो त्याला विचारतो. परंतु एखादा कथाकार पुढें न जातां मागें वळला, आणि 'जिच्यावर हें सारें ओढवलें ती मुलगी होती तरी कशी?' हें सांगूं लागला, तर श्रोते त्याचें स्वागत कसें करतात? याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील दूरचित्रवाणीच्या इतिहासांत घडून गेलें आहे. आमच्या वाचकांपैकीं तरुण मंडळींस तें कदाचित् ठाऊक असेल. वडील मंडळींपुढें तें ठेवावें, या हेतूनें आम्ही या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

ता. ८ एप्रिल १९९० रोजीं ए. बी. सी. या वाहिनीवर 'ट्विन पीक्स' नांवाची मालिका सुरू झाली. डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट हे तिचे जनक. वॉशिंग्टन राज्यांत, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, दाट रानांत वसलेलें एक काल्पनिक गांव. लांकूड कापण्याची गिरणी हा तेथील मोठा धंदा. एके सकाळीं पाण्याच्या कांठीं प्लॅस्टिकमध्यें गुंडाळलेलें एक प्रेत सांपडतें. तें लॉरा पामर या, साऱ्या गांवाच्या लाडक्या अशा शाळकरी मुलीचें असतें. तपासासाठीं एफ. बी. आय. चा अधिकारी डेल कूपर येतो. आणि तपास पुढें सरकतो तसतशीं स्वप्नें, दृष्टांत व तांबड्या पडद्यांचें एक अमानुष दालन कथेंत शिरूं लागतें. 'लॉराला कोणीं मारलें?' या प्रश्नाची चर्चा तेव्हां अमेरिकेंत घरोघर चालली होती.

हा प्रश्न दीर्घकाळ तसाच तेवत ठेवावा, असें कथाकारांच्या मनांत होतें. पण वाहिनीच्या चालकांस तितका धीर धरवला नाहीं. त्यांच्या आग्रहामुळें नोव्हेंबर १९९० मध्यें उत्तर द्यावें लागलें. खुनी हा मुलीचा बापच, वकील लेलंड पामर. त्याला 'बॉब' नांवाच्या पिशाचानें झपाटलें होतें. उत्तर मिळालें, कुतूहल शमलें आणि प्रेक्षक पांगूं लागले. फेब्रुवारी १९९१ मध्यें मालिका मध्येंच थांबविण्यांत आली. चाहत्यांनीं पत्रांचा भडिमार केला, तेव्हां राहिलेले भाग दाखविले गेले; आणि ता. १० जून १९९१ रोजीं, एकूण तीस भाग झाल्यावर, ती कायमची बंद पडली. शेवटच्या भागांत सज्जन कूपर त्या दालनांतच अडकून पडतो, व त्याचें रूप घेतलेला, पिशाचानें व्यापलेला दुसराच कोणी बाहेर येतो. प्रेक्षकांस कथा सोडावी लागली ती अशा ठिकाणीं!

यानंतर लिंच यांनीं रॉबर्ट एंगल्स यांच्यासह पटकथा लिहून 'फायर वॉक विथ मी' हा चित्रपट काढला. फ्रॉस्ट यांचा लेखनांत सहभाग नव्हता. मे १९९२ मध्यें तो कान येथील महोत्सवांत व ता. २८ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. कूपर सुटला कीं नाहीं, एवढेंच प्रेक्षकांस हवें होतें. परंतु आरंभींच पडद्यावर एक दूरचित्रवाणीसंच घावासरशीं फुटतो. मागील मालिका येथें पुढें चालू व्हावयाची नाहीं, हें जणूं त्यांस तेथेंच सांगितलें जातें. एक वर्ष आधीं झालेल्या दुसऱ्या एका मुलीच्या खुनाची हकीकत प्रथम येते, आणि मग लॉराच्या आयुष्याचे शेवटचे सात दिवस. कूपर येतो तो थोडाच वेळ. ओळखीचीं कित्येक माणसें गळालेलीं, आणि लॉराची जिवलग मैत्रीण तर दुसऱ्याच नटीनें वठविलेली. प्रेक्षक चिडले, टीकाकारांनीं कठोर शब्द वापरले, आणि अमेरिकेंतील उत्पन्न सुमारे ४२ लक्ष डॉलरांवर थांबलें.

आमच्या मतें मात्र लिंच यांनीं मागें वळून जें केलें, तेंच या कथेंतील खरें देणें फेडणें होय. शेरिल ली या नटीला प्रथम घेतलें होतें तें केवळ प्रेताचें काम करण्यासाठीं. मालिकाभर लॉरा बहुतांशीं एक शव व एक हंसरी तसबीर एवढीच राहिली; तिच्या मरणावर सर्वांचें कुतूहल पोसलें गेलें, पण तिचें दुःख कोणीं विचारलें नाहीं. चित्रपटानें त्या तसबिरीला जीव दिला व वाचा दिली.

त्यांतील एक प्रसंग सांगतों. रात्रीच्या जेवणाची वेळ. बाप मुलीचे हात पाहतो, नखांत मळ आहे म्हणून तिला टोचून बोलतो, आणि गळ्यांतील लॉकेट कोणी दिलें तें खोदखोदून विचारतो. आई मध्यें पडूं पाहते. तिला तो एका वाक्यांत गप्प करतो. या प्रसंगांत पिशाच दिसत नाहीं, अंधार नाहीं, कांहींच अद्भुत नाहीं. तरी साऱ्या चित्रपटांत यापरतें भयंकर दृश्य थोडेंच असेल. दुसऱ्या एका प्रसंगीं लॉराला आपल्या खोलींत बॉब दिसतो. ती जीव घेऊन बाहेर पळते, झुडपाआड दडते, आणि घरांतून कोण बाहेर पडतें तें पाहते. बाहेर पडतो तो तिचा बाप.

मालिकेंत लेलंडला कांहीं आठवत नव्हतें. पश्चात्ताप पावून तो मरतो, आणि दोष बहुतेक पिशाचाच्या माथीं जातो. चित्रपट पिशाचाला हांकून देत नाहीं. परंतु बापाला कांहींच ठाऊक नव्हतें, अशी समजूत करून घेण्याची सवड तो प्रेक्षकांस फारशी ठेवत नाहीं. आईला रात्रीं दुधांतून गुंगीचें औषध देणारा हात घरधन्याचाच आहे. 'बाधा' हा शब्द घरांतील पापावर पांघरूण म्हणून किती सहज वापरतां येतो, हें येथें लख्ख दिसतें.

भवभूतीचीं दोन नाटकें येथें सहजच आठवतात. महावीरचरितांत रामाचा पराक्रम राज्याभिषेकापर्यंत येऊन पोहोंचला. आतां पुढें आणखी पराक्रम ऐकूं, असें वाटणाऱ्यास उत्तररामचरितांत सीतेचा त्याग व तिचें दुःख पाहावें लागतें. वीर व अद्भुत यांच्यामागून कवि करुणाकडे वळला. फरक इतकाच कीं सीतेला अखेर मीलन लाभलें. लॉराला मृत्यूनंतर त्या तांबड्या दालनांत एका देवदूताचें दर्शन घडतें, आणि ती रडतां रडतां हंसते.

काळानें या चित्रपटास न्याय दिला. आज अनेक रसिक व समीक्षक त्याला लिंच यांच्या उत्तम कृतींत गणतात. सन २०१४ मध्यें त्यांतून वगळलेलीं सुमारे दीड तासाचीं दृश्यें प्रसिद्ध झालीं. २०१७ मध्यें लिंच व फ्रॉस्ट यांनीं पुन्हा एकत्र येऊन अठरा भागांची नवी मालिका केली, आणि तिचे कित्येक धागे याच चित्रपटांतून निघाले. लिंच जानेवारी २०२५ मध्यें निवर्तले.

हा चित्रपट मुलांस दाखविण्याजोगा नाहीं. घरांतील वडील माणसांनीं मात्र तो अवश्य पाहावा. आपल्या एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून मुली सुरक्षित, असें आपण गृहीत धरतों. पण डोळे पुष्कळ असले म्हणजे प्रत्येकास वाटतें कीं दुसरा कोणी पाहत असेल. मुलगी एकाएकीं अबोल झाली, एखाद्या नातलगाची चाहूल लागतांच खोलींतून उठून जाऊं लागली, तर तिची दृष्ट काढून स्वस्थ बसूं नये. तिला जवळ बसवावें, विचारावें, आणि ती ज्याचें नांव घेईल तो घरांत कितीहि मानाचा असला, तरी तिचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.