छायाचित्रण ‘अलौकिक’, कथा ‘पातळ’: एका सोयीस्कर वाटणीविरुद्ध

टेरेन्स मॅलिक यांचा ‘डेज ऑफ हेवन’ १९७८ साली प्रदर्शित झाला. तेव्हापासून त्याच्याविषयी एक वाक्य अव्याहत फिरते आहे: छायाचित्रण अलौकिक, कथा मात्र पातळ. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हॅरल्ड शॉनबर्ग यांनी छायाचित्रणाला दाद दिली आणि चित्रपट मात्र कृत्रिम ठरवला. ऑस्करच्या चार नामांकनांपैकी पुरस्कार लाभला तो नेस्तोर अल्मेंद्रोस यांच्या छायाचित्रणालाच. आज हा चित्रपट अभिजात मानला जातो. पण त्याचे भक्तही तेच वाक्य क्रम बदलून म्हणतात: ‘कथेचे सोडा हो, प्रत्येक चौकट म्हणजे एक चित्र!’ निंदक आणि भक्त अशा रीतीने एकाच वाटणीपत्रावर सही करतात. माझा आक्षेप दोघांपैकी एकाच्या निकालाला नसून त्या वाटणीलाच आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे. साल १९१६. शिकागोच्या पोलाद कारखान्यात मुकादमाशी झटापट करून बिल पळ काढतो. सोबत प्रेयसी अ‍ॅबी आणि धाकटी बहीण लिंडा. मालगाडीच्या टपावर बसून हे तिघे टेक्सासमध्ये गव्हाच्या कापणीसाठी येतात. लोकांच्या जिभा बंद राहाव्यात म्हणून बिल अ‍ॅबीला आपली बहीण म्हणवतो. शेताचा तरुण मालक तिच्यावर लुब्ध होतो. मालक फार दिवसांचा सोबती नाही, हे बिलच्या कानावर पडते आणि तो अ‍ॅबीला लग्नाला राजी करतो. मालक मरत नाही. अ‍ॅबी मात्र हळूहळू त्याच्यावर प्रेम करू लागते. मग संशय, टोळधाड, आग आणि दोन मृत्यू.

हे कथानक ‘प्रेमाचा त्रिकोण’ या लेबलाखाली ठेवले की ते पातळ भासणारच. कारण आपण त्यात मत्सराचे बारकावे, मनोविश्लेषण आणि दीर्घ संवाद शोधू लागतो. पण या त्रिकोणाच्या बाजू कशाने आखल्या आहेत ते पाहावे. कापणीत निष्काळजीपणा झाला म्हणून अ‍ॅबीची मजुरी कापली जाते. बिल हरकत घेतो, तेव्हा पटत नसेल तर चालते व्हा, असेच त्याला सुनावले जाते. दुसरीकडे मालकाचा हिशेबनीस उघड्यावर बसून हंगामाचा नफा मांडत असतो. लग्नाचा विचार या दोन दृश्यांच्या दरम्यानच्या दरीतून जन्मतो. बिलला अ‍ॅबीचा कंटाळा आलेला नाही. तिने आयुष्यभर पाठ वाकवून काम करू नये असे त्याला वाटते. म्हणजे तो प्रेमापोटीच प्रेमाचा सौदा करतो. मालकाला मात्र कोणत्याही सौद्याची गरज पडत नाही, कारण त्याच्याजवळ मागणी घालण्याइतकी सत्ता आधीच आहे. ही शोकांतिका मजुरीच्या हिशेबातून उगवलेली आहे आणि हे चित्रपट कुठेही भाषण करून सांगत नाही. भाषण नाही म्हणून आशय नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या समीक्षेला काय म्हणावे?

आता त्या बहुचर्चित प्रकाशाकडे वळू. चित्रपटाचा बराच भाग सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर उरणाऱ्या वीस-पंचवीस मिनिटांच्या संधिप्रकाशात चित्रित झाला (कथा टेक्सासची असली तरी चित्रीकरण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात झाले). या उजेडाचे वैशिष्ट्य असे की उजेड असतो, पण त्याचा उगम दिसत नाही; वस्तूंना ठाशीव सावल्या नसतात; आणि तो पाहता पाहता संपतो. चित्रपटात दुसरे काय आहे? मालकाला दिलेली मुदत, हंगामापुरती मजुरी, लग्नानंतर तिघांना लाभलेले परक्या घरातले सुखाचे दिवस, हे सारे उसन्या वेळेवर चालले आहे. ‘स्वर्गाचे दिवस’ या शीर्षकातही मोजदाद आहेच. त्या प्रकाशाला ‘सजावट’ म्हणणे म्हणजे शोकगीतातील छंदाला सजावट म्हणण्यासारखे आहे. विस्तीर्ण शेतात एकटीच उभी असलेली मालकाची हवेली आणि तिच्याकडे दुरून पाहणारे, उघड्यावर झोपणारे मजूर ही चौकटही चित्रासारखी ‘रम्य’ आहे, हे खरे. पण वर्गभेदाचे याहून नेमके विधान कोणत्या संवादाने केले असते?

जे संवाद समीक्षकांना हवे होते ते मॅलिक यांच्याजवळ नव्हते असेही नाही. संकलनाला सुमारे दोन वर्षे लागली. त्या काळात त्यांनी पुष्कळसे संवाद काढून टाकले आणि त्यांच्या जागी लिंडाचे निवेदन आणले. लिंडा मॅन्झ या किशोरवयीन मुलीच्या तोंडची ही भाषा ओबडधोबड, बेफिकीर आणि मध्येच भलतीकडे वळणारी आहे. मोठ्यांच्या प्रेमाचा अर्थ तिला अर्धाच कळतो. भूक, थंडी आणि ताटातूट मात्र पुरती कळते. श्रेयनामावलीच्या वेळी पडद्यावर त्या काळातील जुनी छायाचित्रे येतात. त्यांत बालमजुरांचे छायाचित्रकार लुईस हाइन यांचीही छायाचित्रे आहेत आणि अखेरचे छायाचित्र लिंडाचे आहे. चित्रपट कोणाच्या बाजूला उभा राहणार हे एकही शब्द न उच्चारता तिथेच ठरते. ही निवड म्हणजेच कथनतंत्र. वर्गात ‘दृष्टिकोन’ आणि ‘निवेदक’ यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्याला ते पडद्यावर ओळखू येऊ नये, हे नवल.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. दारिद्र्य इतके देखणे दाखवणे हा अन्याय नव्हे काय? काही अंशी आहे. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित मजुरांचे चेहरे कॅमेरा प्रेमाने टिपतो, पण बहुतेकांना नावे किंवा स्वतःची गोष्ट देत नाही. ही उणीव खरी आहे. तरीही श्रमिकाचे चित्र कुरूपच असले पाहिजे, तरच ते प्रामाणिक, हा आग्रह मला अधिक घातक वाटतो. गहू सुंदर आहे, आकाश सुंदर आहे आणि त्यातले काहीही राबणाऱ्याच्या मालकीचे नाही, हीच या चित्रपटातील वेदना आहे. शेत कुरूप दाखवले असते तर तिघांनी काय गमावले हे कळलेच नसते. टोळधाडीनंतर तेच शेत जळते, तेव्हा मालक आणि मजूर दोघांचेही स्वप्न एकाच ज्वाळेत जाते.

एका अमेरिकी चित्रपटाची ही वकिली मराठीच्या प्राध्यापकाने का करावी, असे कोणी विचारील. कारण ही वाटणी आपल्या घरचीच आहे. फडके-खांडेकर वादाची नक्कल करीत आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘कला की जीवन’ असा प्रश्न घालतो, जणू दोन्ही निरनिराळ्या डब्यांत मिळतात. आनंदवर्धनाने नवव्या शतकातच ध्वनी म्हणजे वरून चढवलेला अलंकार नव्हे हे बजावले. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीलाच कलाकृतीच्या संघटनेचे तत्त्व मानले. हे दोन्ही आपण अभ्यासक्रमात शिकवतो. आणि मग कादंबरीवरील प्रश्नाच्या उत्तरात आशय, व्यक्तिरेखा, वातावरण हे सगळे आटोपल्यावर ‘भाषाशैली’ असे उपशीर्षक देऊन विद्यार्थ्याकडून चार ओळी लिहून घेतो: भाषा ओघवती आहे, प्रसंगानुरूप आहे, चित्रमय आहे. ‘छायाचित्रण अप्रतिम’ हे वाक्य त्या चार ओळींचेच सख्खे भावंड आहे. ते लिहिणाऱ्याने काही पाहिलेले नसते. पाहण्यातून सुटका तेवढी करून घेतलेली असते.

तेव्हा विनंती एवढीच, की चित्रपट असो वा कविता, ‘सुंदर’ हा शब्द लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारावा: हे सौंदर्य काढून घेतले तर आशयातून नेमके काय जाईल? त्याला उत्तर देता आले तर त्याने तो शब्द खुशाल वापरावा. देता आले नाही, तर कलाकृती पातळ असल्याचा निकाल देण्याआधी आपले वाचन पातळ नाही ना, हे त्याने तपासावे. आणि त्याच्या आधी आपण, शिकवणाऱ्यांनी.