विभाग, बिंदुनामावली आणि मराठीचे अध्यापन

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याला मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्थान असावे की नसावे, हा वाद आता संपला आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांवर प्रबंध लिहिले जातात, परीक्षेत प्रश्न विचारले जातात. परंतु अभ्यासक्रमात झालेला प्रवेश आणि अध्यापकवर्गात झालेला प्रवेश या भिन्न गोष्टी होत. पहिल्यासाठी अभ्यासमंडळाचा ठराव पुरतो. दुसऱ्यासाठी पद लागते, आणि ते कोणासाठी राखीव ठरावे हे बिंदुनामावली ठरवते. साहित्याचे अभ्यासक या रूक्ष कागदाकडे सहसा वळत नाहीत. तो कार्यालयीन कारकुनीचा भाग मानला जातो.

एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बनारस हिंदू विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर विभाग हे एकक मानावे असा निर्णय दिला. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये परिपत्रक काढले. केंद्रीय प्रमाणानुसार इतर मागासवर्गीयांचा बिंदू चौथा, अनुसूचित जातींचा सातवा, अनुसूचित जमातींचा चौदावा. आता एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक प्राध्यापक असा सात जणांचा विभाग घ्यावा. मोजणी संवर्गवार होत असल्याने सातांपैकी एकच पद इतर मागासवर्गीयांकडे जाते; जाती-जमातींच्या वाट्याला प्रारंभी शून्य. चार सहायक प्राध्यापकांच्या संवर्गात अनुसूचित जातीचा बिंदू येण्यासाठी तिसऱ्या रिक्त जागेची वाट पाहावी लागते. जमातीचा त्याहून कितीतरी पुढे. टक्केवारी कोठेही बदललेली नसते, केवळ मोजण्याचे एकक बदललेले असते. भाषा विभाग स्वभावतः लहान, त्यामुळे या गणिताचा सर्वाधिक फटका त्यांनाच बसतो.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची याचिका फेटाळली. त्यानंतर देशभर आंदोलने झाली. मार्चमध्ये अध्यादेश आणि जुलैमध्ये कायदा होऊन केंद्रीय संस्थांत सरळसेवा भरतीसाठी संपूर्ण संस्था हे एकक पुन्हा प्रस्थापित झाले. तथापि परिशिष्टात नमूद केलेल्या काही 'उत्कृष्ट' व संशोधन संस्था त्यातून वगळल्या गेल्या. उत्कृष्टता आणि समता परस्परविरोधी आहेत, हे गृहीतक कायद्याच्या मसुद्यातच शिरले, याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही.

एकक दुरुस्त झाले म्हणून पद भरले जातेच असे नव्हे. योग्य उमेदवार उपलब्ध नसल्याचा शेरा राखीव पदावर मारला, की ते रिक्त राहते. अशी पदे अनारक्षित करण्याची वाट दाखवणारा आयोगाचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा टीका इतकी झाली की जानेवारी २०२४ मध्ये एकही पद अनारक्षित होणार नाही असा खुलासा केंद्र शासनास करावा लागला. महाराष्ट्रात तर पद रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापक नेमण्याची रीत रुळली आहे. असा अध्यापक वर्गात 'उपरा' शिकवतो. पण कायम पद नसल्याने संशोधनाची दिशा ठरवण्यात त्याला स्थान नसते.

विषयाचे ज्ञान महत्त्वाचे, अध्यापकाची जात नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो पूर्वार्धापुरता खरा आहे. दलित साहित्य दलितानेच शिकवावे असे येथे सुचवायचे नाही. उलट आज होते ते असे, की राखीव पदावर आलेल्या अभ्यासकाकडे दलित साहित्याची अभ्यासपत्रिका आपोआप सोपवली जाते आणि महानुभाव गद्य, भाषाविज्ञान, साहित्यशास्त्र ही क्षेत्रे पूर्वीच्याच हातांत राहतात. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० मध्ये स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक पुढे आले आणि त्यांनी साहित्यविचाराची परिभाषाच बदलली. तेथे ते नेमून दिलेल्या एका पत्रिकेचे अध्यापक नव्हते. मराठीच्या प्रत्येक विभागाने आपली बिंदुनामावली आणि कोणती अभ्यासपत्रिका कोणाकडे आहे याचा तक्ता सूचनाफलकावर शेजारीशेजारी लावावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो वाचता येईल.